धुण्याच्या दगडावरचा चेंडा

गरम भजी समोर असताना माणसाने आयुष्याचे निर्णय घेऊ नयेत, हे मला आता कळलं आहे. त्या संध्याकाळी चहाबरोबर पिकल्या केळ्याची भजी होती, बँकेतून मी वेळेवर सुटलो होतो, आणि तंकमणी, म्हणजे माझी बायको, सहज म्हणून गेली, "देवळात मोठ्या माणसांसाठी चेंड्याचा वर्ग सुरू होतोय. शंकुण्णी आशान स्वतः शिकवणार आहेत." पंखा जरा मोठा करा म्हणावं अशा आवाजात तिने हे सांगितलं होतं. त्यात आमंत्रण नव्हतं, आव्हान तर मुळीच नव्हतं. (चेंडा म्हणजे आमच्याकडचा खांद्याला अडकवून काठ्यांनी वाजवायचा ढोल, आणि आशान म्हणजे गुरुजी.) मी तिसरं भजं उचलता उचलता म्हणालो, "मी नाव घालतो."

तंकमणी हसली. ती तोंडाने हसत नाही, नाकाने हसते. तोंड मिटलेलं असतं, हातातलं काम चालू असतं, फक्त नाकातून थोडी हवा बाहेर येते आणि समोरच्या माणसाची (समोर बहुतेक मीच असतो) पुरती शोभा होते.

"हसायला काय झालं?"

"कुठे काय? घाला की नाव. ती चटई कुठे ठेवलीय ते माहीत आहे ना?"

चटई योगासनांसाठी आणली होती. ती सध्या तांदळाच्या पोत्यांखाली असते, पोत्यांना ओल लागू नये म्हणून. त्याआधी मी हिंदीच्या परीक्षा देत होतो, त्यातल्या तिसरीच्या आदल्या दिवशी मला ताप आला आणि तो ताप उतरला तरी मी पुन्हा त्या वाटेला गेलो नाही. परसात कारल्यासाठी मांडव घातला, मांडव अजून उभा आहे, कारली बाजारातून येतात. थोडक्यात, सुरुवात करण्याच्या बाबतीत माझा हात धरणारा त्रिशूर जिल्ह्यात कुणी नसावा. पुढचं मात्र जमत नाही. बँकेत माझं बरं चालतं, कारण तिथलं काम पाच वाजता आपोआप संपतं.

पण त्या नाकाने मला पेटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवा मुंडू नेसून देवळाच्या भोजनशाळेत हजर झालो. आमच्यात एक शाळामास्तर होता, एक रिक्षावाला, दोन विमा एजंट आणि एक दातांचे डॉक्टर. शंकुण्णी आशान बारीक, काळे, कमी बोलणारे. त्यांनी प्रत्येकाच्या हातात चिंचेच्या लाकडाच्या दोन जाडजूड काठ्या दिल्या.

मी अदबीने विचारलं, "आशान, आणि चेंडा?"

"चेंडा देवळात आहे."

"आम्हाला कधी मिळणार?"

"दगडाने सांगितलं की," असं म्हणून त्यांनी समोर मांडलेल्या काळ्या दगडांकडे बोट केलं.

चेंड्याचं शिक्षण दगडावर होतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. इथे जन्मलेल्या पोरालाही ते माहीत असतं. पण मी बँकेतला माणूस, शिवाय केस पांढरे झालेले, तेव्हा आपल्याला थोडी सवलत मिळेल असं मी धरून चाललो होतो. दगड कुणाला सवलत देत नाही. चांगला ठोका मारा, तो 'टक' म्हणतो. वाईट ठोका मारा, तरी 'टक' म्हणतो, आणि वर मनगटात एक कळ पाठवून देतो. आशान डोळे मिटून आमच्यामधून फिरायचे आणि नुसत्या आवाजावरून कुणाचा डावा हात आळशी आहे ते सांगायचे. दोन्ही हातांचा ठोका सारखा निघेपर्यंत, आणि तो रोज सारखा निघेपर्यंत, चेंड्याचं नाव काढायचं नाही. मंडलकाळात, थंडी पडल्यावर, देवळासमोर आमचं अरंगेट्टम व्हायचं होतं. म्हणजे सगळ्या गावासमोर पहिलं वादन. तोवर जो तयार होईल तो उभा राहील, होणार नाही तो लोकांत बसून ऐकेल.

घरी सरावाला दगड हवा होता. घरात उत्तम दगड एकच होता, तंकमणीच्या माहेरून आलेला पाटा. मी पहाटे त्यावर 'तकिट' या बोलाची पहिली फेरी काढली आणि दुसरी काढायच्या आत ती मागे येऊन उभी राहिली.

"त्याच्यावर चटणी वाटतात."

"मी नंतर धुऊन देतो."

"पाटा धुऊन द्याल. आत शिरलेला आवाज कसा काढाल?"

मी काठ्या घेऊन परसात गेलो आणि कुंपणाच्या भिंतीला लागून असलेल्या धुण्याच्या दगडासमोर मांडी घातली.

भिंतीपलीकडे औसेप्पचेट्टन राहतात (चेट्टन म्हणजे दादा). आयुष्यभर त्यांनी सोन्याच्या दुकानात तराजू धरला आणि आता निवृत्त होऊन शेजाऱ्यांना तोलत असतात. चर्चचा सण असो की देवळाचा उत्सव, मेळम, म्हणजे चेंडे, झांजा, शिंगं यांचं एकत्र वादन, सुरू झालं की हा माणूस पहिल्या रांगेत, हात वर. आमच्याकडे ही मोठी अडचण आहे. दुसऱ्या गावात माणूस चोरून चुकू शकतो, इथे रस्त्याने मासे घेऊन जाणारी बाईसुद्धा पाटी न उतरवता सांगते की ताल सुटला म्हणून. पहिल्याच सकाळी भिंतीवरून औसेप्पचेट्टनचं डोकं वर आलं.

"शशिधरा, हे काय फोडतोयस?"

"चेंडा शिकतोय, चेट्टा."

त्यांनी थोडा वेळ ऐकलं. "नारळ फोडत असतास तर बरं झालं असतं," म्हणाले, "निदान खोबरं तरी मिळालं असतं."

तरी मी टिकलो. काही महिने टिकलो, आणि हे सांगताना माझी छाती आजही थोडी फुगते. पहाटे उठायचं, काठ्या घ्यायच्या, दगडासमोर बसायचं. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले आणि मग तिथे चामडी जाड झाली. हातांना अशी सवय लागली की बँकेत पासबुकांवर शिक्के मारतानाही तकिट-तकिट निघायला लागलं. मॅनेजर केबिनमधून बाहेर आले. मला वाटलं आता रागावणार. ते म्हणाले, "शशिधरन, शिक्का मारताना घाई होतेय, लय वाढवू नका." तेही शेवटी त्रिशूरचेच.

याच दिवसांत माझ्या डोक्यात हवा गेली. शारजाला असलेल्या मेव्हण्याला, सुकुमारनला, आपली प्रगती ऐकवावी म्हणून मी एका पहाटे मोबाइल दगडाशेजारी ठेवून सगळा सराव रेकॉर्ड केला आणि पाठवून दिला. त्याने लगेच उलट कळवलं की अरंगेट्टमला तो रजा काढून येणार. तिकीटसुद्धा काढलं. मला धन्य वाटलं.

आणि मग ओणम आला.

ओणमला पाहुणे आले, केळीच्या पानांवर वाढणं झालं, गोड पायसम झालं, दुसऱ्या दिवशी उरलेलं पायसम झालं. अशा पोटाने दगडासमोर बसणं शरीराला बरं नाही, असं मी स्वतःला समजावलं. पाहुणे गेले, तरी मी समजावतच राहिलो. एका पहाटे तर गजर बंद करून पडलो असताना स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज आला आणि परसातून काही ऐकू आलं नाही की तंकमणीच्या नाकातून कसा आवाज येईल ते मला आठवलं. त्याच क्षणी मला मोबाइल आठवला.

(माझी बुद्धी अशा वेळी फार तल्लख चालते. अभ्यासात ती कधी इतकी चालली नाही.)

मी उठलो, परसात गेलो, मोबाइल धुण्याच्या दगडावर जास्वंदीच्या आड ठेवला, आवाज मोठा केला आणि रेकॉर्डिंग लावून सरपणाच्या खोपटात काथ्याच्या पोत्यांवर जाऊन आडवा झालो. बाहेर माझा सराव उत्तम चालला होता. ऐकता ऐकता मला अभिमानाने झोप लागली. रेकॉर्डिंग संपायच्या बरंच आधी उठून ते बंद करायचं आणि कपाळ पुसत स्वयंपाकघरात शिरायचं, एवढंच काम उरलं होतं. तंकमणी चहा पुढे करायची. औसेप्पचेट्टन तर भिंतीवरून म्हणाले, "सुधारलास रे. कालच्यात आणि आजच्यात केसाचा फरक नाही."

काही दिवस हे झकास चाललं. मग एका पहाटे मला जरा जास्त गाढ झोप लागली.

रेकॉर्डिंगच्या शेवटाकडे काय होतं ते मी विसरलो होतो. त्या दिवशी सराव लांबला होता, आणि तंकमणीने दारातून हाक मारली होती, "अहो, चहा निवतोय. आणि तो बनियन आज तरी धुवायला टाका." त्यापाठोपाठ भिंतीवरून औसेप्पचेट्टन म्हणाले होते, "डावा हात झोपलाय रे शशिधरा, त्याला उठव." हे दोन्ही मोबाइलने इमानदारीने टिपून ठेवलं होतं.

पुढचं मला नंतर दोघांनी वेगवेगळं सांगितलं, पण जुळतं आहे. तंकमणी स्वयंपाकघरात तोंडातून एक शब्दही न काढता इडल्या काढत होती, आणि परसातून तिचाच आवाज आला, चहा निवतोय म्हणून. तिच्या हातातला चमचा तिथेच राहिला. ती दारात आली. तेवढ्यात भिंतीपलीकडे नुकतेच दात घासायला आलेले औसेप्पचेट्टन, तोंडात ब्रश तसाच, स्वतःलाच बोलताना ऐकत उभे होते. त्यांनी छातीवर क्रूस काढला.

"तंकमणी," त्यांनी ब्रश काढून हळूच विचारलं, "मी आत्ता काही बोललो का?"

"डावा हात झोपलाय म्हणालात."

"माझ्या तोंडात ब्रश होता."

"मीपण चहाचं काही बोलले नाही. चहा अजून केलेलाच नाही."

"मग बोललं कोण?"

दोघांनी धुण्याच्या दगडाकडे पाहिलं. दगड वाजत होता, समोर कुणी बसलेलं नव्हतं. नेमकी हीच वेळ साधून खोपटातल्या लाल मुंग्यांनी मला उठवलं. मी ओरडत बाहेर आलो, अंगभर काथ्या, मुंडू एका हातात धरलेला, दुसऱ्या हाताने पाठ झाडतोय. माझ्या हातात काठ्या नव्हत्या, आणि दगडावर मात्र माझा सराव पहिल्या काळात, म्हणजे सगळ्यात संथ लयीत, अगदी स्वच्छ चालू होता.

तंकमणी जास्वंदीपाशी गेली. मोबाइल उचलला, बंद केला. मी म्हटलं ती आता हसेल. ती हसली नाही. मोबाइल माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "हा तुमच्यापेक्षा नेमाने करतो. अरंगेट्टमला यालाच मुंडू नेसवा." आणि आत गेली.

त्याच आठवड्यात आशानांनी परीक्षा घेतली. भोजनशाळेत सगळे दगड मांडलेले, आम्ही बसलेले, आशान डोळे मिटून फिरताहेत. माझ्याजवळ आले आणि थांबले.

"शशी, हा हात कुणाचा?"

"माझाच, आशान."

"ओणमच्या आधी चांगला होता. आता पाहुण्यासारखा वाजतोय." त्यांनी डोळे उघडले. "मंडलकाळ लागायच्या आत उठव त्याला. नाही उठला तर लोकांत बस. त्यात कमीपणा नाही, ऐकायलाही माणसं लागतात."

मी कमीपणा न वाटल्याचा चेहरा करून घरी आलो. परसात जाऊन बसलो. मनात विचार चालला होता की बँकेत ऑडिटचं काम आहे, मनगट दुखतंय, सुकुमारनला सांगता येईल, तिकिटं रद्दही होतात. चटईच्या वेळी, हिंदीच्या वेळी अशीच कारणं एकामागून एक आली होती. भिंतीवरून औसेप्पचेट्टनचं डोकं वर आलं.

"सोडतोयस ना?" त्यांनी विचारलं.

"बघतोय."

"सोड. पण तुझ्या बायकोला आधी सांग. ती बिचारी गावभर सांगत सुटलीय."

"काय सांगत सुटलीय?"

"या वेळी ते सोडणार नाहीत म्हणून. देवळात सांगते, रेशनच्या रांगेत सांगते. माझ्या बायकोला, अन्नम्माला, परवा नवी काठाची साडी दाखवून गेली, अरंगेट्टमला नेसायची म्हणून. तुझ्याकडे काही बोलली नाही?"

नव्हती बोलली. माझ्यासमोर नाकाने हसणारी ही बाई पाठीमागे माझ्या वतीने असा शब्द देऊन बसली होती, आणि ज्या दिवसांत ती हे सांगत फिरत होती त्याच दिवसांत मी खोपटात पोत्यांवर घोरत होतो. मला इतकी लाज वाटली की मुंग्या चावलेली जागा खाजवायचंही सुचलं नाही. मी आत जाऊन काठ्या आणल्या आणि दिवसाढवळ्या, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा, दगडासमोर बसलो.

तंकमणी बाहेर आली. हातात खवणी होती आणि दोन नारळ. माझ्यासमोर बसली आणि खवायला लागली.

"तुमचे हात थांबले की माझा थांबेल," ती म्हणाली. "माझा थांबला की नाश्ता नाही."

असा माझा खरा सराव सुरू झाला. रोज पहाटे ती समोर, मधे दगड, भिंतीवर औसेप्पचेट्टन. मी दमलो की खवणीचा आवाज बंद व्हायचा आणि पोटातून मला नोटीस यायची. औसेप्पचेट्टन मधेच म्हणायचे, "डावा." एवढाच शब्द. त्या दिवसांत आमच्या घरात खोबरं न घातलेला एकही पदार्थ झाला नाही, आणि शेजारीही खोबरं जायला लागलं. कंटाळा रोज यायचा. तो अगदी वेळेवर, माझ्याबरोबरच उठायचा. पण कंटाळा आला म्हणून उठून जायचं नाही, तो आला तसाच बसवून वाजवायचं, हे मला हळूहळू जमायला लागलं. एका पहाटे डावा आणि उजवा असे सारखे निघाले की मलाच कळेना कुठला कुठला. भिंतीवरून काही शब्द आला नाही. मी वर पाहिलं. औसेप्पचेट्टन डोळे मिटून हात हवेत हलवत होते. लपवण्यासारखं काही नाही, माझे डोळे भरून आले. तंकमणीनेही डोळे पुसले, आणि कांदा नसताना पुसले.

आशानांनी माझा हात पुन्हा ऐकला. आत गेले, चेंडा आणून माझ्या खांद्यावर अडकवला. त्याचं वजन खांद्यावर पडलं तेव्हा मला वाटलं, मॅनेजरची खुर्ची दिली असती तरी एवढं वाटलं नसतं.

अरंगेट्टमच्या संध्याकाळी देवळासमोर माणूस मावत नव्हता. आम्ही उघड्या अंगाने, चंदन लावून, पांढऱ्या मुंडूत ओळीने उभे होतो, समोर आशान, मागे झांजा आणि शिंगं. मी पुढच्या ओळीत, टोकाला. बँकेतली मंडळी आली होती, सुकुमारन शारजाहून आला होता, औसेप्पचेट्टन नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या पुढे. तंकमणी काठाच्या नव्या साडीत बायकांमध्ये उभी होती आणि माझ्याकडे सोडून सगळीकडे पाहत होती.

पंचारी, म्हणजे पाच चढत्या काळांचं मेळम, सुरू झालं. पहिला काळ इतका संथ असतो की त्यात माणसाला आपली सगळी पापं आठवतात. मग लय चढायला लागली. एक हात वर गेला, दहा गेले, बघता बघता सगळ्या गर्दीचे हात आमच्या ठोक्याबरोबर हवेत उठायला लागले. माझे हात आपोआप चालले होते. मनगट दुखत नव्हतं. डावा जागा होता. त्या हातांच्या गर्दीत मला काठाची साडी दिसली, आणि तिचाही हात वर होता, आणि ती आता माझ्याकडेच पाहत होती. मी डोळे मिटले. माझ्यासारखा सुखी माणूस त्या वेळी अख्ख्या केरळात नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

शेवटच्या काळात आशानांच्या काठीवर नजर ठेवायची असते. ती वर गेली की सगळ्यांनी एकदम थांबायचं. ती वर गेली. सगळे चेंडे थांबले, झांजा थांबल्या, शिंगं थांबली. हजारो माणसांनी श्वास रोखला. आणि त्या शांततेत, आमच्या पुढच्या ओळीच्या टोकावरून, अतिशय ठाम असा एकच आवाज आला.

टक.

मी डोळे उघडले. सगळं गाव माझ्याकडे पाहत होतं.

लोकांच्या पहिल्या रांगेतून औसेप्पचेट्टनचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. "काळ अगदी बरोबर होता हं. फक्त मेळम संपलं होतं."

मग जो हशा उसळला तो देवळाच्या मागच्या तळ्यापर्यंत गेला असावा. हसता हसता लोकांनी टाळ्याही वाजवल्या, आणि त्या मनापासून होत्या, हे मी आवाजावरून ओळखलं (आता मलाही आवाज कळतो). मी घामाने निथळत आशानांच्या पाया पडायला गेलो. वाटलं, आता काठ्या परत मागतील. त्यांनी डोक्यावर हात ठेवला.

"ठोका स्वच्छ होता, शशी," ते म्हणाले. "सबंध मेळमात तुझा असा वेगळा ऐकू आलेला तेवढाच. तो चांगला निघाला."

गर्दीतून वाट काढत तंकमणी आली. तिने पंचा माझ्या खांद्यावर टाकला.

"शेवटपर्यंत पोचलात हो," ती म्हणाली.

माझी मान ताठ झाली. सुकुमारन होता, मॅनेजर होते, सगळ्यांनी ते ऐकलं.

"आजवर तुम्हाला मागून ढकलावं लागायचं," ती माझी पाठ पुसत म्हणाली, "आज पहिल्यांदा शेवटाच्या पलीकडून ओढून आणावं लागतंय."